पीकसंरक्षणाच्या बंदुकीचा चाप : तेल कसें द्यावें व कानस कां लावूं नये

धान निसवूं लागला कीं आपल्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील बांध्यांवर रात्रीची जागल सुरू होते. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली हे तालुके काय किंवा वैनगंगेपलीकडील आरमोरी, कुरखेडा, धानोरा हा मुलूख काय, पुष्कळ ठिकाणीं शेत आणि जंगल यांमध्यें एका धुऱ्याचेंच अंतर असतें. रानडुकरांचा एक कळप रात्रींत शिरला म्हणजे चार महिन्यांची मेहनत सकाळीं चिखलांत लोळलेली दिसते. म्हणूनच कित्येक कास्तकारांच्या घरीं पीकसंरक्षणाचा परवाना असतो, आणि त्या परवान्यावर नोंदलेली एक ठासणीची बंदूक असते. तिला आपल्याकडे भरमार म्हणतात.

प्रस्तुत लेखक महसूल खात्यांत कारकून होता. परवान्यांच्या नोंदवह्या लिहितांना व नुकसानीच्या पंचनाम्यांस गांवोगांव फिरतांना अशा पुष्कळ बंदुका पाहण्याचा योग आला. त्यावरून एक गोष्ट ध्यानांत आली कीं, लोक नळी पुसतात, दस्ता चकचकीत ठेवतात, परंतु बंदुकीचें काळीज जी आंतली कळ, तिच्याकडे फारसें कोणी बघत नाहीं. चाप जड झाला, अडकूं लागला, कीं घरांत असेल तें तेल ओततात. त्यानें भागलें नाहीं तर लोहाराकडून खाच घासून घेतात. या दोहोंसही ‘रोगापेक्षां इलाज भयंकर’ ही म्हण तंतोतंत लागू पडते. तें कसें, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

एक पाहिलेला प्रसंग

सिंदेवाही तालुक्यांतील एका गांवीं धानाच्या नुकसानीचा पंचनामा करण्यास गेलों असतां ज्यांचें शेत होतें ते वृद्ध गृहस्थ ओसरीवर मान खालीं घालून बसलेले आढळले. शेताचें नुकसान थोडेंच होतें. दुःख निराळें होतें. त्यांच्या भरमारीचा चाप फार जड ओढला जाई. म्हणून उन्हाळ्यांत एका कारागिराकडून त्यांनीं तो ‘हलका’ करून आणिला होता. चाप खरोखरच लोण्यासारखा झाला, व ते मोठे खूष होते. पुढें एके रात्रीं मचाणावरून उतरतांना दस्ता शिडीच्या पायरीवर आपटला मात्र, आणि बार उडाला. खालीं शिडी धरून उभ्या असलेल्या भाच्याच्या उजव्या पायाचीं दोन बोटें गेलीं. “बाबूजी, चापाला माझा हात लागला नव्हता हो. घोडा आपोआप पडला,” असें ते मला पुनः पुनः सांगत होते. त्यांचें म्हणणें खरें होतें; पण तें खरें असल्यानें भाच्याचीं बोटें परत येणार नव्हतीं. चूक दोन ठिकाणीं झाली होती : उतरतांना टोपी काढलेली नव्हती, आणि खाच घासलेली होती. पहिली चूक सर्वांस दिसते, दुसरी कोणासच दिसत नाहीं.

कळीची रचना

ठासणीच्या बंदुकीच्या उजव्या बाजूस लोखंडाची एक लांबट पट्टी कुंद्यांत बसविलेली असते. तिच्या बाहेरच्या अंगास घोडा असतो, तोच टोपीवर आपटतो. पट्टीच्या आंतल्या अंगास घोड्याच्याच आसावर एक जाड तुकडा बसविलेला असतो. त्यास आपण चकती म्हणूं. घोडा मागें ओढला कीं चकतीही फिरते व मोठी कमान दबली जाते. चकतीच्या कडेस दोन खाचा असतात. पहिली खोल असते, ती अर्ध्या घोड्याची. दुसरी उथळ असते, ती पूर्ण घोड्याची. या खाचांत एका लहान कमानीच्या जोरानें जी लोखंडी जीभ जाऊन बसते तिला अडसर म्हणावें. चाप ओढला कीं तो अडसराची शेपटी वर उचलतो, जीभ खाचेंतून निसटते, आणि दबलेली मोठी कमान घोड्यास टोपीवर आपटते.

यावरून वाचकांच्या लक्षांत येईल कीं, भरलेल्या बंदुकीचा सगळा जोर अडसराच्या टोंकावर, म्हणजे नखाच्या कडेएवढ्या जागेवर तोललेला असतो. तेथें गंज अगर मळ असला तर चाप खरखरतो व जड लागतो. चाप जड असला कीं माणूस बोटानें ओढण्याऐवजीं सगळ्या पंजानें हिसका देतो, व नेम हालतो. उलटपक्षीं तीच जागा फार झिजली वा तिचा कोन बदलला, तर अडसर थोड्याशा धक्क्यानेंही निसटतो. म्हणून चाप मऊ असावा, परंतु हलका असूं नये. हे दोन शब्द एकाच अर्थाचे नव्हेत. मऊ म्हणजे न खरखरतां, न अडखळतां सुटणारा. हलका म्हणजे थोड्या जोरानें सुटणारा. पहिला गुण तेलानें व स्वच्छतेनें येतो. दुसरा बहुधा कानशीनें येतो, आणि तोच घातक होय.

चाप जड कां होतो

चाप जड झाला म्हणजे दोष खाचेंतच आहे असें मानण्याची चाल आहे. वास्तविक खाच ही शेवटीं पाहावयाची गोष्ट होय. पुढील कारणें क्रमानें तपासावीं.

पहिलें कारण लांकूड. आपल्याकडील पावसाळ्यांत कुंद्याचें लांकूड फुगतें, व आंतल्या पोकळींत अडसराची शेपटी किंवा चाप लांकडास घासूं लागतो. बंदूक उन्हाळ्यांत नीट चालत असेल व श्रावणांत जड होत असेल, तर हेंच कारण समजावें.

दुसरें कारण पेच. कळीची पट्टी कुंद्यास आवळणारे पेच फार कसले कीं पट्टी किंचित् वांकते व आंतले भाग लांकडांत चिमटले जातात. पेच अर्धा फेरा सैल करून चाप मोकळा झाला, तर दुसरा इलाजच नको.

तिसरें कारण वाळलेलें तेल व त्यांत बसलेली धूळ. दहांपैकीं बहुतेक बंदुका याच दुखण्याच्या असतात, असा माझा अनुभव आहे.

चौथें कारण दारूची राख. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा व गंधक. प्रमाण सुमारें ७५, १५ व १०. ती जळल्यावर निम्म्याहून अधिक वजन घन क्षारांच्या रूपानें मागें राहतें. हे क्षार हवेंतील ओल ओढतात व लोखंड खातात. टोपीजवळ उडालेली हीच राख घोड्याच्या फटींतून कळींत उतरते. ती तेलांत विरघळत नाहीं, पाण्यांत विरघळते. म्हणून तिच्यावर नुसतें तेल घालणें म्हणजे घाणीवर शेण सारविणें होय.

यानंतर मोडलेली कमान, व सर्वांत शेवटीं झिजलेली खाच. हे दोन दोष घरीं सुटणारे नव्हेत.

तेल कोणतें

या प्रश्नावर थोडें विस्तारानें लिहितों, कारण आपल्या मुलखांतील खरी चूक येथें आहे. धानामागें लाखोरी व जवस घेण्याची आपली जुनी वहिवाट, त्यामुळें जवसाचें तेल घरीं असतें व तेंच बंदुकीस लावितात. जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु शोषून वाळतें व त्याचा कातड्यासारखा पापुद्रा बनतो. याच गुणामुळें रंगारी तें रंगांत घालतात. जो गुण दाराच्या फळीस उपकारक तोच कळीस मारक. दोन महिन्यांत अडसर जणूं डिंकानें चिकटविल्यासारखा होतो. करडईच्या तेलाची तीच गत, तिळाच्या तेलाची किंचित् उशीरानें. एरंडेल लवकर वाळत नाहीं, परंतु दाट असल्यानें धूळ धरून ठेवतें. खोबरेल व मोहाच्या बियांचें तेल थंडींत थिजतें; पौष महिन्यांत पहाटे घोडा रेंगाळत पडतो व टोपी फुटत नाहीं, त्याचें कारण पुष्कळदां हेंच.

शिवणयंत्रास घालतात तें पातळ खनिज तेल या कामीं उत्तम. तें वाळत नाहीं, आंबत नाहीं, व लहानशी बाटली वर्षानुवर्षें पुरते. बंदुकीचें म्हणून विकलें जाणारें तेल मिळाल्यास अधिक चांगलें. मोटारीचें किंवा पंपाचें वापरलेलें काळें तेल कदापि लावूं नये. त्यांत काजळी, आम्ल व लोखंडाचा कीस असतो. रॉकेल हें धुण्याचें द्रव्य आहे, वंगण नव्हे. तें उडून गेल्यावर लोखंड उघडें पडतें व चार दिवसांत गंजतें. म्हणून रॉकेलनें धुतल्यावर तेल दिलेंच पाहिजे. दाट ग्रीस सबंध कळींत भरण्याची चाल सोडून द्यावी. खाच व अडसर जेथें टेकतात तेथें मोहरीच्या दाण्याएवढें लावल्यास हरकत नाहीं.

स्वच्छ करण्याची रीत

आरंभीं बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी. ठासणीच्या बंदुकींत ही खात्री डोळ्यांनीं होत नाहीं. यासाठीं बंदूक रिकामी असतांना गज नळींत तळापर्यंत सोडून नळीच्या तोंडाशीं गजावर कायमची खूण करून ठेवावी. पुढें केव्हांही गज सोडला व खूण नळीच्या बाहेर राहिली, तर आंत बार आहे असें समजावें. अशा वेळीं टोपी काढून ठेवावी व माहितगार परवानाधारक कारागिराकडूनच बार काढून घ्यावा. लोखंडी सळईनें ठोकूं नये. नळीचें तोंड सर्व वेळ निर्जन बाजूस असावें व मुलें जवळ नसावींत.

नंतर टोपी बसण्याची तोटी मोकळी आहे हें पाहून घोडा अर्ध्या खाचेवर आणावा. पेचाच्या खाचेंत नीट बसेल असाच पेचकस घ्यावा, कारण सैल पेचकसानें पेचाचें डोकें फुटतें. दोन्ही पेच थोडे थोडे, आळीपाळीनें सैल करावे. ते पुरते निघण्यापूर्वीं त्यांच्या डोक्यांवर लांकडी मुठीनें हलकेंच ठोकिलें कीं पट्टी आपोआप सुटते. पट्टी उपटून काढूं नये. त्यानें कुंद्याची कड फुटते. पट्टी आंतील सर्व भागांसह एकसंध बाहेर येते. यापुढें घरच्या माणसानें कांहीं सोडवूं नये. मोठी कमान दबलेली असते. ती योग्य चिमट्याशिवाय काढतांना उसळून डोळा जाण्याचें भय असतें.

राख दिसत असल्यास गरम पाण्यांत भिजवून पिळलेल्या फडक्यानें ती प्रथम पुसावी व लगेच कोरड्या फडक्यानें टिपून घ्यावी. नंतर जुन्या दांतघासणीस रॉकेल लावून वाळलेलें तेल सोडवावें. चकती, अडसर, कमानींचीं टोंकें व पेचांचीं तोंडें नीट घासावींत. मग पट्टी घटकाभर उन्हांत ठेवावी. कुंद्यांतील पोकळी कोरड्या घासणीनें झाडावी. तेथें तेल किंवा रॉकेल जाऊं देऊं नये, कारण तेल प्यालेलें लांकूड मऊ पडून पेच धरीत नाहीं. लांकडाचा एखादा भाग काळा व चकचकीत दिसला तर तेथें लोखंड घासत आहे असें समजावें, व कारागिरास दाखवून तेवढाच भाग तासून घ्यावा.

आतां तेल. सुईच्या टोंकावर एक थेंब घेऊन पांच ठिकाणीं द्यावा : घोड्याच्या आसास दोन्ही अंगांनीं, अडसराच्या पेचास, खाच व जीभ टेकतात तेथें, मोठ्या कमानीचें टोंक चकतीवर घासतें तेथें, आणि कुंद्यांतील चापाच्या खिळ्यास. घोडा अंगठ्यानें धरून दोनतीनदां हळूंच मागेंपुढें करावा म्हणजे तेल पसरतें, व वर आलेलें तेल पुसून टाकावें. तेल दिसलें कीं जास्त झालें असें समजावें. पट्टी परत बसवून पेच कसतांना मनगटाचा जोर लावूं नये, बोटांचा पुरे.

घोडा उघड्या तोटीवर आपटून ‘चाप कसा चालतो’ हें पाहण्याची संवय वाईट. त्यानें तोटीचें तोंड चपटें होतें व टोपी नीट बसत नाहीं. मध्यें चामड्याचा तुकडा धरावा.

चार परीक्षा

काम झाल्यावर रिकाम्या बंदुकीवर चार परीक्षा कराव्या. एक, घोडा अर्ध्या खाचेवर ठेवून चाप नेटानें ओढावा. घोडा पडतां कामा नये. दोन, घोडा पूर्ण चढवून चापास हात न लावतां अंगठ्यानें तो पुढें ढकलावा. तो निसटतां कामा नये. तीन, घोडा पूर्ण चढवून, नळी उभी धरून, दस्ता चार बोटें उंचीवरून घडी केलेल्या पोत्यावर आपटावा; घोडा जागचा हालतां कामा नये. चार, बंदूक उभी धरून चापास दोरीनें पिशवी बांधावी व तींत हळूहळू वाळू घालावी. पिशवी दीड किलोची होण्यापूर्वींच घोडा सुटला तर चाप धोक्याइतका हलका आहे. चार किलोनेंही सुटला नाहीं तर कोठें तरी अडकत आहे. हा माझा ठोकताळा आहे, परंतु तो अगदींच निराधार नव्हे. सैन्यांतील जुन्या ली-एनफील्ड रायफलींचा शेवटचा ओढा पांच ते सहा पौंड, म्हणजे सुमारें सवादोन ते पावणेतीन किलोचा ठेवीत असत.

या चारांपैकीं पहिल्या तिहींतील एकही परीक्षा चुकली, किंवा चाप दीड किलोखालीं सुटला, तर ती बंदूक त्या दिवसापासून भरूं नये. वर सांगितलेल्या गृहस्थांनीं तिसरी परीक्षा एकदां जरी केली असती, तरी भाचा आज धड पायांनीं चालता.

कानस कां लावूं नये

खाच व अडसर यांचें लोखंड सर्वत्र सारखें कठीण नसतें. पुष्कळ जुन्या बंदुकींत हे भाग मऊ लोखंडाचे घडवून, कोळशाच्या पुटांत तापवून, केवळ त्यांची कातडी कठीण केलेली असते. ही कातडी कागदासारखी पातळ असते. कानशीचे चार हात फिरले कीं ती निघून जाते व आंतलें मऊ लोखंड उघडें पडतें. त्या दिवशीं चाप सुरेख लागतो. पुढें प्रत्येक बारागणिक तें मऊ लोखंड झिजत जातें, धार गोल होते, आणि एके दिवशीं घोडा आपोआप पडतो. शिवाय खाचेचा कोन असा असतो कीं कमानीचा जोर अडसरास आंत दाबून धरतो. कोन केंसभर फिरला कीं तोच जोर अडसरास बाहेर ढकलूं लागतो. हा कोन डोळ्यांस दिसत नाहीं. घासकागदासही हेंच लागू आहे. झिजलेली खाच भरून, घडवून, पुन्हां पाणी देण्याचें काम परवानाधारक बंदूक-कारागिराचेंच होय. त्याचीही मजुरी जड वाटली तर भाच्याचीं दोन बोटें आठवावींत.

बारा बोराच्या व रायफली

ज्यांच्याजवळ मागून भरावयाची बारा बोराची बंदूक आहे, त्यांनीं ती उघडून दोन्ही नळ्यांतून उजेड पाहावा, नळ्या पुसाव्या, व चापाच्या खिळ्यास बाहेरूनच एक थेंब द्यावा. तिची कळ आंत बंदिस्त असते. ती घरीं उघडूं नये, वर्षातून एकदां कारागिराकडून उघडवावी. कोणाजवळ ३१५ बोराची रायफल असल्यास तिच्या चापाचा ओढा दोन टप्प्यांचा असतो, प्रथम मऊ व मग टणक. हा दोष नव्हे, ती रचनाच आहे. पहिला टप्पा ‘काढून टाकण्याच्या’ भरीस पडूं नये. खटक्याचा दांडा काढून, पुसून, अडसर टेकतो तेथें तेलाचें बोट फिरविलें कीं पुरे.

कायद्याच्या चार गोष्टी

१९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमांत पीकसंरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीची तजवीज आहे, व ती पुरेशी नाहीं असें अधिकाऱ्यास वाटल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देतां येते. आपली बंदूक पुसणें व तेल देणें हें मालकाचें कर्तव्य. परंतु पांचव्या कलमान्वये दुरुस्तीच्या कामास स्वतंत्र परवाना लागतो. म्हणून परवाना नसलेल्या लोहारास काम देणें हें त्यासही संकटांत घालणें होय. २०१९ च्या दुरुस्तीनें परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पांच वर्षें झाली आहे. ती तारीख भिंतीवर लिहून ठेवावी.

बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे, हेंही विसरूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं रानडुकरासही संरक्षण आहे. उभ्या पिकाच्या नासाडीसाठीं त्यास मारावयाचें तर अकराव्या कलमान्वये अधिकृत वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी आधीं पाहिजे. झालेल्या नुकसानीबद्दल वनखात्याकडे भरपाईचा अर्ज वेळेंत करावा. कागद पुरे असले कीं काम सुकर होतें, हें कारकुनी अनुभवानें सांगतों.

वर्षाचा क्रम

मृगापूर्वीं एकदां, पावसाळ्यांत दर पंधरवड्यास, धान निसवण्याच्या सुमारास एकदां, व बार काढला असेल त्याच दिवशीं, असा क्रम ठेवावा. निवडणुकीच्या वेळीं बंदुका ठाण्यांत जमा कराव्या लागतात. परत आल्यावर त्याच सायंकाळीं कळ उघडून पाहावी. बंदूक कापडी किंवा कातडी गवसणींत गुंडाळून ठेवूं नये, त्यांत ओल कोंडते. मिठाचें पोतें व रासायनिक खत ज्या खोलींत असेल तेथेंही ठेवूं नये. ती कुलुपांत, कोरड्या जागीं, व टोप्या तिच्यापासून निराळ्या ठेवाव्या.

शेतीचें प्रत्येक अवजार आपण पावसाळ्यापूर्वीं पाहतों. नांगराचा फाळ, गाडीचा आंस, मोटारपंप. बंदूक हेंही एक अवजारच होय. भेद इतकाच कीं तिची चूक पुन्हां सुधारतां येत नाहीं. येत्या अमावस्येस काम बंद असेल तेव्हां आपापली भरमार काढावी, गजाची खूण पाहावी, व चार परीक्षा कराव्या. एखाद्याची बंदूक त्यांत नापास होऊन कारागिराकडे गेली, तर हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें मी समजेन.